विद्यार्थी संशोधन प्रदर्शन, कोल्हापूर: आयोजन गटाच्या प्रकल्प नोंदी

३ जानेवारी: तारीख, जागा, आकडा

२८ फेब्रुवारी पक्की. राष्ट्रीय विज्ञान दिन असल्याने शाळा-महाविद्यालयांना वेगळे कारण सांगावे लागत नाही. अडचणी दोन. बारावीच्या परीक्षेमुळे कनिष्ठ विभाग असलेल्या महाविद्यालयांतले प्राध्यापक पर्यवेक्षणात गुंतलेले असतात. आणि १९ तारखेच्या शिवजयंतीआधी शहरातला प्रत्येक फ्लेक्सवाला मंडळांच्या कामात बुडालेला असतो, तिथे आपले ७२ पोस्टर कोण विचारतो! म्हणून छपाईची तारीख मागून मोजली: फाइल १० फेब्रुवारीच्या आत द्यायची, नाहीतर थेट २१ नंतर.

सभागृह १८ मीटर लांब, १४ मीटर रुंद. ऑक्टानॉर्म पॅनेल (खांबांत बसवायचे जोडणीचे फलक) एक मीटरचे. बारा पॅनेलची एक रांग, दोन्ही बाजूंना पोस्टर, म्हणजे रांगेला २४. तीन रांगांत ७२. रांगा लांबीच्या दिशेने, दोन्ही टोकांना तीन-तीन मीटर मोकळे, रुंदीत साडेतीन मीटरचे चार बोळ. बोळात समोरासमोर माणसे उभी राहिली की दोन्हीकडचा एकेक मीटर जातो आणि मध्ये दीड मीटर उरतो. व्हीलचेअर आणि शाळेची रांग दोन्ही त्यातून जातात. चौथी रांग घातली तर ९६ पोस्टर बसतील, पण बोळ २.८ मीटरचा होईल आणि चालायला जेमतेम ८० सेंटीमीटर राहील. तेव्हा माणसे पोस्टरपुढे थांबत नाहीत, मागच्याच्या रेट्याने पुढे सरकतात. ७२ वर थांबायचे ठरले. वाढीव २४ प्रमाणपत्रांसाठी बाकी सगळ्यांचे बोलणे बुडवण्यात अर्थ नाही.

सरळ बारा मीटरची रांग स्वतःच्या पायांवर उभी राहत नाही, धक्का लागला की लाटेसारखी हलते. दर तीन पॅनेलनंतर अर्ध्या मीटरचा आडवा पंख लावायचा. मंडपवाल्याच्या कोटेशनमध्ये हे पंख स्वतंत्र ओळीत लिहून घेतले. आयत्या वेळी 'ते यात धरलेले नव्हते' हे वाक्य नको.

विषयगट राज्यातल्या विद्यापीठांच्या आविष्कार संशोधन स्पर्धेचेच सहा ठेवले: मानव्यविद्या-भाषा-ललितकला, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, मूलभूत विज्ञान, कृषी-पशुसंवर्धन, अभियांत्रिकी-तंत्रज्ञान, वैद्यक-औषधनिर्माण. प्रत्येकी १२ जागा. रांगेची एक बाजू म्हणजे एक गट, त्यामुळे फलक लावणे सोपे. आविष्कारसाठी काम केलेल्या मुलांना गट नव्याने शोधावा लागत नाही, हा आणखी एक फायदा.

६ जानेवारी: आवाहन आणि अर्ज

अर्जात नाव दोनदा: देवनागरीत आणि गुणपत्रिकेवर असते तसे रोमन लिपीत. प्रमाणपत्रांवरची निम्मी भांडणे इथेच मिटतात. मार्गदर्शकाचे नाव, विषयगट, मॉडेल आणणार का, वीज लागणार का आणि किती वॅट, हे चार रकाने सक्तीचे. गूगल फॉर्ममध्ये फाइल जोडायचा रकाना ठेवला तर अर्जदाराला जीमेलने लॉगिन करावेच लागते आणि फाइल फॉर्म बनवणाऱ्याच्या ड्राइव्हवर जाऊन बसते. म्हणून फॉर्म कुणाच्या खासगी खात्यावर नको, विभागाच्या खात्यावर. खाते बदलले तर पुढच्या वर्षी कागद सापडत नाहीत.

गोषवारा २५० शब्दांचा. प्रश्न ४०, पार्श्वभूमी ३०, पद्धत ८०, निष्पत्ती ७०, उपयोग ३०. शब्दसंख्या फॉर्मवरच लिहिली, कारण मोकळी जागा दिली की दीडशे शब्द प्रस्तावनेत जातात आणि पद्धत एका ओळीत उरकते. 'निष्कर्ष लवकरच सादर केले जातील' असा शेवट असलेला गोषवारा परत पाठवायचा. निदान एक आकडा एककासह हवा. इतिहास-भाषा गटात आकड्याऐवजी साधन चालेल: किती मुलाखती, कोणत्या गावांत, कोणत्या दप्तरातले मोडी कागद, कोणत्या सालचे.

शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: 'सोप्या मराठीत, ४० शब्दांत, तुम्ही काय पाहिले आणि काय सापडले?' पोस्टर इंग्रजीत असले तरी ही मराठी पट्टी प्रत्येकाच्या माथ्यावर लागणार. दुपारी येणारे प्रेक्षक शिरोली-गोकुळ शिरगावचे कारखानदार, करवीर-कागलचे शेतकरी, नववी-दहावीची मुले. त्यांना पोस्टरपुढे थांबवायचे असेल तर दुसरा उपाय नाही.

१७ जानेवारी

अर्ज येत आहेत. अभियांत्रिकी गट भरत आला, भाषा आणि विधी रिकामे. रिकाम्या जागा लगेच अभियांत्रिकीला द्यायच्या नाहीत, आधी विभागप्रमुखांना फोन. मराठी, इतिहास, समाजशास्त्राच्या मुलांना 'पोस्टर म्हणजे प्रयोगशाळेवाल्यांचे काम' असे वाटते. त्यांना नमुना दाखवावा लागतो: बोलीचा नकाशा, मुलाखतींचा तक्ता, एका मोडी पत्राचा फोटो आणि बाजूला बाळबोध लिप्यंतर. हे तर उलट आलेखापेक्षा जास्त लोक थांबून वाचतात.

२५ जानेवारी: छाननी

प्रत्येक गोषवारा दोघांनी वाचायचा. महाविद्यालय आणि मार्गदर्शक यांची नावे झाकलेली. तीनच प्रश्न: प्रश्न एका वाक्यात सांगता येतो का? पद्धत वाचून दुसऱ्याला तेच काम करता येईल का? निष्पत्ती पद्धतीतून निघते का? दोघांचे मत जुळले नाही तर तिसरा वाचक.

साम्य तपासणीच्या अहवालावर डोळे मिटून विसंबता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पुढे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६०च्या वर असे टप्पे आहेत. ते प्रबंध आणि शोधनिबंधांसाठी. अडीचशे शब्दांत संस्थेचे नाव, उपकरणाचे नाव आणि ठरलेली रसायने मिळूनच दहा टक्के होतात. मराठीत अडचण वेगळी: जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांचा सामाईक अक्षरसंकेत) नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकाला रोमन अक्षरांची खिचडी दिसतो, साम्य शून्य येते आणि सगळे खूश होतात. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा, मगच तपासायचा. संशय आलाच तर सोपा उपाय फोनचा: 'नमुने कुठून घेतले, किती, कोणत्या महिन्यात?' ज्याने काम केले आहे तो थांबत नाही.

एआयने लिहिलेल्या मजकुराबद्दल अर्जात घोषणा घेतली आहे. ओळखणाऱ्या साधनांच्या टक्केवारीवरून कुणाला बाद करायचे नाही. त्या टक्केवारीच्या आधारे निर्णय घ्यावा इतकी ती भरवशाची नाही.

३० जानेवारी: पेटंट आणि संमती

अभियांत्रिकी गटातल्या काही मॉडेलांत नवे यंत्र आहे. निवडपत्र पाठवण्याआधी त्यांना स्पष्ट सांगायचे: पोस्टरवर यंत्राची रचना उघड झाली की ती सार्वजनिक झाली आणि पेटंटची नवीनता गेली. पेटंट कायदा १९७० मधल्या कलम ३१ ची बारा महिन्यांची सवलत अनेक मार्गदर्शक सरसकट धरतात. प्रदर्शनापुरती ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांनाच आहे, त्याखेरीज विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधाला. आपले प्रदर्शन अधिसूचित नाही. तेव्हा रस्ते दोन. आधी तात्पुरता अर्ज करायचा, त्यानंतर पूर्ण तपशील बारा महिन्यांत द्यायचा. किंवा पोस्टरवर काम काय होते आणि निकाल काय आला एवढेच दाखवायचे, आतली जोडणी झाकायची. दुसरा रस्ता धरला तर परीक्षकांनाही तसे आधी कळवायचे, नाहीतर 'पद्धत लपवली' म्हणून गुण जातात.

वैद्यक गटात रुग्णाचा चेहरा, नोंदणी क्रमांक, एक्स-रेच्या कोपऱ्यातले नाव, तिन्ही पुसलेले हवे. डोळ्यांवर काळी पट्टी पुरत नाही. माणसांवरच्या प्रत्येक अभ्यासाला नीती समितीचा मंजुरी क्रमांक पोस्टरवर छापायचा. क्रमांक नसेल तर पोस्टर नाही, इथे सवलत नाही. प्रश्नावलीवरचे वाणिज्य आणि समाजशास्त्राचे अभ्यास यातून सुटतात असा समज आहे. निदान संमतीपत्राचा नमुना तरी त्यांनी जोडावा.

३ फेब्रुवारी: पोस्टरचा साचा

आकार ए-झिरो, उभा: रुंदी ८४१, उंची ११८९ मिलिमीटर. फ्लेक्सवाले तीन बाय चार फूट सुचवतात, कारण दर चौरस फुटाने आणि रोल तीन फुटी. पण पॅनेलच्या दोन खांबांमधला दिसणारा भाग सुमारे ९५ सेंटीमीटर. तीन फूट म्हणजे ९१.४, त्यात कापताना एक सेंटीमीटर वाकडे गेले की पोस्टर खांबावर चढते. ८४ वर दोन्हीकडे पाच-पाच सेंटीमीटर उरतात आणि क्लिप लावायला जागा मिळते. आडवा पोस्टर तर बसणारच नाही. हे पत्रात ठळक लिहिले, तरीही दोघे-तिघे आडवा आणतील असे धरून एका टोकाला दोन पॅनेलची मोकळी भिंत राखली.

साचा पॉवरपॉइंटमध्येच दिला. मुलांकडे तेच असते. स्लाइडचा आकार आधी ८४.१ बाय ११८.९ सेंटीमीटर करायचा आणि मग काम सुरू. साध्या स्लाइडवर सगळे मांडून शेवटी आकार वाढवला की चित्रे ताणली जातात, अक्षरांच्या पेट्या एकमेकींवर चढतात.

अक्षरे: शीर्षक ९० पॉइंट, उपशीर्षके ४८, मजकूर ३२, तक्त्यातले आकडे २४च्या खाली नकोत. देवनागरीला ओळींमधले अंतर १.३ पट, कारण वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत अडकतात. एकूण मजकूर ५०० शब्द. पडताळा घरच्या प्रिंटरवर होतो: ए-झिरो पान ए-फोरवर छापले की सगळे बरोबर एक चतुर्थांश होते, ३२ पॉइंट म्हणजे ८. ते पान हातात धरून वाचता आले नाही तर मूळ पोस्टर दीड मीटरवरून वाचता येणार नाही.

चित्रे: ३० सेंटीमीटर रुंद छापायच्या फोटोला १५० डीपीआयने (इंचाला १५० ठिपके) साधारण १,७७० पिक्सेल रुंदी लागते. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेले चित्र दाबलेले असते. तेच 'डॉक्युमेंट' म्हणून मागवले की मूळ आकारात येते. आलेखाचा स्क्रीनशॉट घ्यायचा नाही, एक्सेलमधून थेट चिकटवायचा, म्हणजे रेषा फुटत नाहीत. लाल-हिरव्या रेषांचा भेद सगळ्यांना दिसत नाही. एक रेषा अखंड, दुसरी तुटक ठेवली की प्रश्न मिटतो. स्क्रीनवरचा झगझगीत निळा छपाईत जांभळट येतो, ते गृहीत धरूनच रंग निवडावा.

क्यूआर कोड सहा सेंटीमीटरचा, कारण माणूस साठएक सेंटीमीटरवरून मोबाइल धरतो. भोवती पांढरी जागा सोडायचीच. रंगीत पट्टीवर कोड चिकटवला की कॅमेऱ्याला कडा सापडत नाही. फुकट 'डायनॅमिक' कोड देणाऱ्या काही साइटी मुदत संपली की पैसे मागतात. साधा, थेट दुव्याचा कोड वापरावा.

६ फेब्रुवारी: देवनागरी कुठे मोडते

चाचणीसाठी एक फूट उंच, पोस्टरइतकी रुंद पट्टी छापून घेतली. पट्टीवर मुद्दाम कठीण शब्द: 'ऱ्हास', 'तऱ्हा', 'क्षारता', 'द्विगुणित', 'ॲसिड', 'ऑक्सिजन', 'श्लेष्मल', 'गुऱ्हाळ'. फ्लेक्सवाल्याकडच्या कोरल ड्रॉच्या जुन्या आवृत्तीत मजकूर उघडला तेव्हा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे गेली, जोडाक्षरे हलन्त होऊन सुटी पडली, आणि 'ऱ्या'चा 'र्या' झाला. कारण सरळ आहे: जुन्या आवृत्त्यांना युनिकोड देवनागरीची जोडणी करता येत नाही, आणि तिथला डिझायनर वर्षानुवर्षे जुन्या फाँटमध्ये काम करतो म्हणून त्याला कधी अडचण आलेली नसते. त्याला दोष देऊन उपयोग नाही. फाइलच अशी द्यायची की त्याला मजकुराला हात लावावा लागू नये.

ठरलेली पद्धत: मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी, दोन्ही मोफत. पॉवरपॉइंटमधून पीडीएफ करायची, उघडून 'प्रॉपर्टीज'मध्ये फाँट 'एम्बेडेड' दिसतो का पाहायचे. तरीही कोरलमध्ये उघडायचीच असेल तर अक्षरांचे आकारात रूपांतर केलेली पीडीएफ इंकस्केपमधून काढून द्यायची. शेवटचा उपाय २०० डीपीआयचे टिफ चित्र: ६,६२२ बाय ९,३६२ पिक्सेल. फाइल जड होते, पण वेलांटी हलत नाही.

मायक्रो, अंश, अधिक-उणे ही चिन्हे वेगळी तपासायची. 'मायक्रोग्रॅम'चा 'मिलिग्रॅम' झाला तर निष्कर्ष हजारपट चुकतो, आणि पोस्टरपुढे उभ्या असलेल्या मुलाला ते परीक्षकच सांगतो.

कापड की फ्लेक्स? चकचकीत फ्लेक्सवर ट्यूबलाइटचा पट्टा उमटतो आणि नेमका मधला मजकूर दिसत नाही. मॅट कापड महाग पडते, पण घडी घालून एसटीतून आणता येते, चमकत नाही. निर्णय विद्यार्थ्यांवर सोडला, फक्त 'चकचकीत नको' एवढी अट. फ्लेक्सच आणणाऱ्यांना सूचना: छापील बाजू बाहेर ठेवून गुंडाळायचे. आत ठेवून गुंडाळले तर लावल्यावर दोन्ही कडा पुढे वळतात. चंदगड-आजऱ्याहून किंवा सातारा जिल्ह्यातून येणाऱ्यांनी प्लंबिंगच्या दुकानातून तीन इंची पीव्हीसी पाइपचा तीन फुटी तुकडा घ्यावा, ८४ सेंटीमीटरची गुंडाळी त्यात नीट बसते.

१० फेब्रुवारी

फाइल आलेल्यांची छपाई राजारामपुरीत दिली. उरलेले २१ नंतर. त्यांनी गावाकडे छापून आणले तरी हरकत नाही, पीडीएफ मात्र आधी आमच्याकडे.

१३ फेब्रुवारी: मराठी पट्ट्या

पट्टी ए-फोर आडवी, ४० पॉइंट. सगळ्यात जास्त काम इथे आहे, आणि ते मुलांकडूनच पुन्हा लिहून घ्यायचे, आपण बसून दुरुस्त करायचे नाही. एक नमुना. आलेले वाक्य: 'वनस्पतिजन्य निर्मलकाद्वारे इक्षुरसाच्या शुद्धीकरणाचा तुलनात्मक अभ्यास.' दोन फेऱ्यांनंतर: 'गूळ करताना रसातली मळी काढायला रानभेंडीचा चिकट रस किती लागतो आणि हायड्रोस न घालता गुळाचा रंग कसा येतो, हे पाहिले.' (हायड्रोस म्हणजे रंग उजळवणारे रसायन.) आता गुऱ्हाळवाला थांबेल.

दुसरी दुरुस्ती एककांची. पोस्टरवर लिटरला ग्रॅम ठीक आहे, पट्टीवर मात्र एका काहिलीला (रस आटवायच्या मोठ्या कढईला) किती ते हवे, आणि त्यासाठी काहिलीत किती रस धरला तेही. हेक्टरचे एकर करायचे, एकर म्हणजे ४० गुंठे. फाउंड्रीच्या वापरलेल्या वाळूवरच्या पोस्टरला 'विटेत शंभर किलो मिश्रणात किती किलो' असे लिहायला सांगितले. चपलांच्या कातड्यावर काम करणाऱ्या गटाने 'टॅनिन' लिहिले होते. हिरडा आणि बाभळीची साल म्हटले की चप्पल शिवणारा स्वतःच बोलू लागतो. रंकाळ्याच्या पाण्यावरच्या पोस्टरमध्ये 'जलपर्णी' ऐवजी केंदाळ. प्रमाण मराठीवाले नाक मुरडतील, मुरडू देत.

पट्टीत 'क्रांतिकारी', 'प्रथमच', 'शंभर टक्के प्रभावी' हे शब्द आले की काढायचे. प्रयोग तीन नमुन्यांवर केला असेल तर 'तीन नमुन्यांवर' असेच लिहायचे.

१६ फेब्रुवारी: परीक्षकांचे गणित

प्रत्येक पोस्टर तिघांनी पाहायचे: दोन त्या विषयाचे, एक बाहेरचा. ७२ गुणिले ३ म्हणजे २१६ भेटी. प्रत्येक गटाचे दोन, एकूण १२ परीक्षक. प्रत्येकाला स्वतःच्या गटाची १२ आणि दुसऱ्या गटांतली ६, म्हणजे १८ भेटी. १२ गुणिले १८ बरोबर २१६. एक परीक्षक राखीव.

एक भेट आठ मिनिटांची: तीन मिनिटे मूल बोलणार, तीन मिनिटे प्रश्न, दोन मिनिटे गुण आणि दोन ओळी अभिप्राय. सकाळी साडेनऊ ते दहा पन्नास विषम क्रमांकांची पोस्टर, अकरा दहा ते साडेबारा सम क्रमांकांची. प्रत्येक सत्रात नऊ भेटी, ७२ मिनिटे, आठ मिनिटे राखीव. विषम-सम करण्याची दोन कारणे. पॅनेल एक मीटरचे आहे, शेजारी-शेजारी दोघे बोलू लागले तर कुणाचेच ऐकू येत नाही. एकाआड एक उभे केले की प्रत्येकाला दोन मीटर मिळतात. आणि ज्यांची पाळी नाही त्यांना दुसऱ्यांची पोस्टर पाहता येतात. बहुतेक प्रदर्शनांत मुले दिवसभर स्वतःच्या पोस्टरला चिकटून उभी राहतात आणि शेजारच्याने काय केले तेही न पाहता घरी जातात.

वेळापत्रक प्रत्येक परीक्षकाच्या चिठ्ठीवर क्रमाने छापले, म्हणजे दोघे एकाच पोस्टरवर एका वेळी पोचणार नाहीत. स्वतःच्या महाविद्यालयाचे किंवा स्वतः मार्गदर्शन केलेले पोस्टर कुणाकडे जाणार नाही हे तक्त्यात वेगळे तपासले. परीक्षक तिथेच अदलाबदल करू लागले तर तक्ता मोडतो. बदल फक्त समन्वयकाने करायचा.

गुण ५०: प्रश्न आणि नवेपणा १०, पद्धत १५, निष्पत्तीचे विश्लेषण १०, मांडणी ५, उत्तरे १०. छपाईच्या देखणेपणाला यात स्थान नाही. नाहीतर ज्याच्याकडे डिझायनरला द्यायला पैसे आहेत तो जिंकतो.

बेरीज मात्र सरळ करायची नाही. एक परीक्षक सगळ्यांना ४० ते ४५ देतो, दुसरा २२ ते ४६. बेरीज केली की निकाल एकटा दुसरा ठरवतो, पहिल्याचे मत असून नसून सारखे. गटातले दोन्ही परीक्षक तीच बारा पोस्टर पाहतात, त्यामुळे उपाय सोपा आहे: प्रत्येकाच्या गुणांवरून एक ते बारा क्रम लावायचा आणि दोन क्रमांची बेरीज करायची. कमी बेरीज तो वर. बरोबरी वारंवार होते. ती बाहेरच्या परीक्षकाने मांडणी आणि उत्तरे यांना दिलेल्या पंधरापैकी गुणांवर सोडवायची. बाहेरच्याचे बाकी गुण क्रमात धरायचे नाहीत: तो प्रत्येक गटातले एखाददुसरे पोस्टर पाहतो, त्याचा क्रम लावायला पुरेसा आधार नसतो.

२२ फेब्रुवारी: तीन मिनिटांची तालीम

ऑनलाइन घेतली. बहुतेकांचे पहिले मिनिट नाव, महाविद्यालय, मार्गदर्शकांचे आभार आणि 'आजच्या आधुनिक युगात' यातच जाते. सूचना एकच: पहिले वाक्य प्रश्नाचे, दुसरे सापडले त्याचे, मग पद्धत. पोस्टर वाचून दाखवायचे नाही, बोट आलेखावर ठेवून बोलायचे. 'मला माहीत नाही, ते मोजलेले नाही' हे उत्तर चालते, हे मुद्दाम सांगावे लागते. न मोजलेल्यावर ठासून उत्तर दिले की पुढचे दोन प्रश्न तिथेच येतात आणि मूल अडकते.

२५ फेब्रुवारी: वीज आणि मॉडेल

बारा मॉडेलांना परवानगी, टेबल चार बाय दोन फूट, रांगांच्या टोकांना. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला जास्तीत जास्त १,३८० वॅट. लॅपटॉप ६५ वॅटचा, चार-पाच एका बोर्डवर निभावतात. पण एका गटाची हॉट प्लेट १,५०० वॅटची. ती साध्या एक्स्टेन्शनवर लावली की आधी वायर तापते, मग एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पडतो आणि पूर्ण रांग अंधारात. तिला भिंतीवरचे १६ अँपिअरचे सॉकेट आणि टेबल त्याच्याजवळ. एक्स्टेन्शनला दुसरे एक्स्टेन्शन जोडायचे नाही. बोळातून जाणारी वायर जमिनीला रुंद टेपने चिकटवायची, पायात येते.

संहत आम्ल, उघडी ज्योत, जिवंत जंतूंच्या उघड्या प्लेटा बंद. जंतुसंवर्धन दाखवायचे तर फोटो, किंवा टेपने सील केलेली प्लेट, तीही रोगकारक जातींची नाही. पाण्याच्या मॉडेलखाली ट्रे आणि टेबल वायरीपासून लांब. फुगलेली लिथियम बॅटरी दिसली तर मॉडेल सभागृहात ठेवायचे नाही, चर्चा नाही.

२७ फेब्रुवारी: उभारणी

पॅनेल दुपारी दोनला उभी. क्रमांक आधी चिकटवले, पोस्टर नंतर. उलट केले तर मुले मोकळी जागा दिसेल तिथे लावतात. पोस्टरचा मध्य जमिनीपासून १४० सेंटीमीटरवर, मराठी पट्टी त्याच्या वर. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप फ्लेक्सचे वजन रात्रभर धरत नाही, सकाळी निम्मी खाली सापडतात. वर दोन, खाली दोन बाइंडर क्लिप आणि मागून सुतळी. कापडी पोस्टरला वरच्या शिवणीतून काठी.

प्रत्येक पोस्टरखाली एक पाकीट आणि कोऱ्या चिठ्ठ्या: 'तुमचा प्रश्न लिहा, मोबाइल नंबर नको.'

आडवा पोस्टर अपेक्षेप्रमाणे आला. राखीव भिंतीवर.

२८ फेब्रुवारी

९.०० उद्घाटन, वीस मिनिटे. स्वागत, एक भाषण, बस. ते लांबले तर पहिला फटका विषम क्रमांकांना बसतो, कारण दहा पन्नासनंतर त्यांची जागा समवाल्यांची. पाहुण्यांना हे आदल्या दिवशी गणितासह सांगितले होते, त्यांनी मान ठेवला.

९.३० घंटा. आठ मिनिटांची घंटा हातातली पितळी, माइकवरून नाही. माइकवरच्या आवाजाने बोळातली बोलणी तुटतात. एक परीक्षक आले नाहीत, राखीव परीक्षकाला त्यांचीच चिठ्ठी दिली, तक्ता जसाच्या तसा.

१०.३५ दुसऱ्या रांगेत मोबाइल सिग्नल गेला, क्यूआर उघडेनात. ज्यांनी गोषवाऱ्याच्या छापील प्रती ठेवल्या होत्या त्यांचे काही अडले नाही.

१.०० गुणांची नोंद: दोघांनी स्वतंत्रपणे भरली, दोन्ही तक्ते वजा करून पाहिले. जिथे शून्य आले नाही तिथे मूळ कागद काढला. क्रम एक्सेलमध्येच लावून घेतला.

२.०० ते ५.०० सर्वांसाठी खुले, परीक्षक नाहीत. पहिला दीड तास विषम, नंतर सम. शाळांना अर्ध्या-अर्ध्या तासाचे गट दिले. पट्ट्यांपुढे गर्दी, पोस्टरपुढे त्याहून कमी: अपेक्षित होते, पण ज्यांनी पट्टी वाचली त्यांतले बरेच जण पुढे प्रश्न विचारायला थांबले. गुळाच्या पोस्टरपुढे लांबलेली चर्चा काहिलीच्या मापावरच होती.

५.१५ निकाल. प्रत्येक गटात पहिले तीन क्रमांक. एका गटात बरोबरी पंधरापैकी गुणांनीही सुटली नाही, क्रमांक विभागून दिला.

२ मार्च: अभिप्राय

परीक्षकांच्या दोन-दोन ओळी टाइप करून, नावाशिवाय, प्रत्येक विद्यार्थ्याला. 'चांगले', 'आणखी मेहनत घ्या' एवढेच लिहिलेल्या चिठ्ठ्या परीक्षकांकडे परत पाठवल्या. पाकिटांतल्या प्रश्नांचे फोटो काढून त्या-त्या गटाला दिले. वापरलेल्या वाळूच्या विटांवर एक प्रश्न तीन वेगवेगळ्या अक्षरांत आला: 'पावसात भिजल्यावर किती पाणी पिते?' ती चाचणी त्या गटाने केलेलीच नाही, पुढच्या सत्रात करणार.

५ मार्च

गोषवारे झेनोडोवर (संशोधन साठवायच्या संकेतस्थळावर) चढवायचे काम सुरू. ते मोफत आहे आणि प्रत्येकाला डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, मिळतो. पेटंटचा अर्ज बाकी असलेले यातून वगळले. निकाल जाहीर झाल्यापासून मुलांना 'तुमचा निबंध विशेषांकात आठ दिवसांत छापतो, शुल्क भरा' असे मेल येत आहेत. सगळ्यांना कळवले: आठ दिवसांत परीक्षण होत नाही, पैसे भरू नका, मार्गदर्शकांना दाखवा.

बाकी: मंडपवाल्याचे बिल पंखांच्या ओळीसह तपासणे, न नेलेले फ्लेक्स विभागाच्या सायकल शेडला, पट्ट्यांच्या फाइल एका फोल्डरमध्ये, प्रमाणपत्रावरची दोन नावे दुरुस्त करून पाठवणे.